कर्पर चेतांच्या बारा जोड्या: ही मोजणी उत्क्रांतीची की कवटीतल्या छिद्रांची?

टाचणवही (मूळ लेखन)

शरीररचनाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात कर्पर चेतांच्या, म्हणजे मेंदूपासून निघून कवटीबाहेर पडणाऱ्या चेतांच्या, बारा जोड्या दिलेल्या असतात आणि त्या क्रमाने पाठ करायच्या असतात. हा बाराचा आकडा पाठांतरासाठी सोयीचा असला, तरी या चेता उत्क्रांतीत कशा निर्माण झाल्या हे शोधताना तोच आपली दिशाभूल करतो, असे माझे मत आहे. या धाग्यात त्याच मुद्द्यावर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

आधी या आकड्याचा इतिहास पाहू. प्राचीन काळातल्या गॅलेन या वैद्याने अशा सात जोड्या मोजल्या होत्या आणि गंधाच्या चेतेला त्याने चेता मानलेच नव्हते. थॉमस विलिसने १६६४ मध्ये कवटीतल्या नऊ जोड्या सांगितल्या. आज आपण ज्यांना सातवी आणि आठवी म्हणतो त्या त्याने एकत्र धरल्या होत्या, तसेच नववी, दहावी आणि अकरावी या तिन्हींची मिळून एकच जोडी मानली होती. आजची बारा जोड्यांची यादी सोमरिंगने १७७८ मध्ये मांडली. चेता त्याच होत्या. एका छिद्रातून जाणाऱ्या दोन चेता एक मानायच्या की दोन, हाच मुख्य वाद होता. शिवाय ही यादी माणसाच्या कवटीवरून बनलेली आहे. बेडकाला कर्पर चेतांच्या दहाच जोड्या असतात. उलट, गुस्ताव्ह फ्रिच यांना १८७८ मध्ये शार्कमध्ये गंधाच्या चेतेच्याही पुढे एक बारीक चेता आढळली, तोवर सगळे क्रमांक वाटून झाले होते, म्हणून तिला पुढे ‘शून्यावी’ म्हणण्याची पाळी आली. ती माणसातही असते.

यादीतल्या बारा गोष्टी एकाच जातीच्या नाहीत, हे त्याहून महत्त्वाचे. दुसरी, म्हणजे दृष्टीची चेता, काटेकोरपणे पाहिल्यास चेताच नाही. डोळ्याचा पडदा भ्रूणाच्या मेंदूच्या भिंतीला आलेल्या फुगवट्यातून तयार होतो, त्यामुळे त्याला मेंदूशी जोडणारा दोर हा मेंदूच्या आतलाच एक मार्ग ठरतो. त्याच्या तंतूंवरचे मायलिनचे आवरण बाकीच्या चेतांप्रमाणे श्वान (Schwann) पेशींनी नव्हे, तर मेंदूतल्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशींनी घातलेले असते. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मेरुरज्जूच्या आजारात दृष्टीच्या चेतेला वारंवार इजा होते, याचे कारण हेच. पहिली, गंधाची चेता, याच्या अगदी उलट आहे: तिच्या पेशी नाकाच्या अस्तरात जन्मतात आणि त्यांचे तंतू बाहेरून मेंदूत शिरतात.

मग उरतात ते दोन मोठे गट. तिसरी, चौथी, सहावी आणि बारावी या चेता डोळ्यांच्या आणि जिभेच्या स्नायूंना चालना देतात. पाचवी (ट्रायजेमिनल), सातवी (फेशियल), नववी (ग्लॉसोफॅरिंजियल) आणि दहावी (व्हेगस) या मात्र कल्ल्यांच्या कमानींच्या चेता आहेत. माशामध्ये ही मांडणी उघड दिसते. पाचवी जबड्याच्या कमानीला, सातवी तिच्या मागच्या हायॉइड कमानीला, नववी तिसऱ्या कमानीला आणि दहावी उरलेल्या सर्व कमानींना जाते. कल्ल्याच्या प्रत्येक फटीशी तिची चेता दुभंगते आणि एक फांदी फटीच्या पुढच्या काठाने, तर दुसरी मागच्या काठाने जाते. माणसाच्या भ्रूणातही या कमानी तयार होतात, त्यांच्यापासून कल्ले मात्र बनत नाहीत. कमानींपासून पुढे वेगवेगळे अवयव बनले आणि त्यांच्याबरोबर चेताही वेड्यावाकड्या ओढल्या गेल्या.

म्हणून ‘कर्पर चेता कुठून आल्या’ या प्रश्नाला एकच उत्तर शोधू नये. गंधाची चेता, दृष्टीचा मार्ग, डोळ्यांच्या स्नायूंच्या चेता आणि कल्ल्यांच्या चेता यांचे इतिहास वेगवेगळे आहेत. कवटी तयार होताना त्या सर्वांना तिच्यातून वाट काढावी लागली, एवढाच त्यांचा समान धागा आहे.

नवशिका (प्रतिसाद १)

लेख आवडला. मेरुरज्जूतून निघणाऱ्या चेतांची रचना ठरावीक असते: पाठीकडचे मूळ संवेदनांचे, पोटाकडचे मूळ हालचालींचे आणि पुढे दोन्हींची एकच चेता. मग कर्पर चेता म्हणजे डोक्यात गेलेल्या आणि थोड्या बदललेल्या मेरुचेताच, असे मानता येणार नाही का? तसे असल्यास बारांचे कोडे सोपे होईल.

टाचणवही

हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या प्राणिशास्त्राने जवळपास शंभर वर्षे चघळला. कवटी म्हणजे बदललेले मणके, ही कल्पना गटे आणि ओकेन यांनी मांडली होती. टी. एच. हक्सली यांनी १८५८ च्या क्रूनियन व्याख्यानात कवटी भ्रूणात कशी बनते हे दाखवून ती खोडून काढली. पण ‘डोक्यातही खंड आहेत का’ हा प्रश्न त्यानंतरही उरला. फ्रान्सिस बाल्फर यांनी शार्कच्या भ्रूणांच्या डोक्यात पोकळ्यांची रांग दाखवली आणि १८८२ मध्ये व्हान वाइये यांनी त्या आधारावर संपूर्ण डोक्याचा खंडवार तक्ता मांडला. पहिल्या पोकळीतून तिसऱ्या चेतेचे स्नायू, दुसरीतून चौथीचा आणि तिसरीतून सहावीचा स्नायू बनतो, हे शार्कमध्ये खरोखर दिसते. त्यामुळे तिसरी, चौथी आणि सहावी ही पोटाकडची मुळे, तर पाचवी, सातवी, नववी आणि दहावी ही पाठीकडची मुळे, अशी जोडणी करण्यात आली.

‘मग डोक्यात ही मुळे मेरुचेतांसारखी एकत्र का येत नाहीत’ हा आक्षेप पहिल्यांदा भक्कम वाटतो, पण तो टिकत नाही. लॅम्प्रे या जबडा नसलेल्या माशात मेरुरज्जूची दोन्ही मुळेसुद्धा एकत्र येत नाहीत. अँफिऑक्सस या कणा नसलेल्या, पण पृष्ठरज्जू असलेल्या प्राण्यात तर पोटाकडे चेतेचे मूळच नसते: स्नायूपेशीच शेपटीसारखे धागे काढून मेरुरज्जूपर्यंत पोचतात. त्याच्या पाठीकडच्या चेतांमध्ये मात्र संवेदनांचे तंतू असतात आणि आतड्याच्या बाजूच्या स्नायूंना चालना देणारे तंतूही. हीच मिश्र रचना आपल्या कल्ल्यांच्या चेतांमध्ये आहे. म्हणजे जुनी रचना डोक्यात टिकली आणि मेरुचेतांची पाठ्यपुस्तकी रचना नंतरची, असे म्हणायला जागा आहे. तुमचा प्रश्न उलटा करून विचारावा लागेल: मेरुचेताच कर्पर चेतांपेक्षा अधिक बदललेल्या आहेत का?

माझी खरी अडचण दुसरीच आहे. कोंबडी किंवा उंदराच्या भ्रूणात डोळ्यांचे स्नायू ज्या ऊतीतून बनतात, त्या ऊतीत धडासारखे स्पष्ट खंड पडत नाहीत. धडाचे खंड आणि कल्ल्यांच्या कमानी या दोन वेगवेगळ्या मालिका आहेत. एकीचा साचा दुसरीवर बसवण्याचा अट्टहास केल्यामुळेच ते तक्ते उत्तरोत्तर अधिक गुंतागुंतीचे आणि कमी विश्वासार्ह होत गेले.

मत्स्यगंधा (प्रतिसाद २)

मूळ लेखातली एक उणीव दाखवते. माशांच्या चेतांमधला एक मोठा गट लेखात आलाच नाही. पाण्यातली हालचाल टिपणारी पार्श्वरेषा ही इंद्रियरांग माशाच्या डोक्यावर आणि अंगाच्या बाजूने असते आणि तिच्यासाठी स्वतंत्र चेता असतात. जबडा असलेल्या मूळ पृष्ठवंशीयांमध्ये त्यांच्या सहा जोड्या असाव्यात, तीन कानाच्या पुढे आणि तीन मागे, असे तौलनिक अभ्यासातून मानले जाते. त्यांना स्वतःच्या गँग्लिऑन, म्हणजे चेतापेशींच्या गाठी, असतात आणि मेंदूत स्वतःचे केंद्र असते. तरीही जुन्या वर्णनांत त्यांना सातवी, नववी आणि दहावीच्या ‘फांद्या’ म्हटले गेले, कारण त्या माणसाच्या यादीत नाहीत. बहुतेक बेडूक रूपांतराच्या वेळी त्या गमावतात आणि सरपटणारे प्राणी, पक्षी व सस्तन यांच्यात त्या भ्रूणातही तयार होत नाहीत.

ट्रायजेमिनलचेही तसेच आहे. कपाळ आणि डोळ्याभोवतीची त्वचा सांभाळणारी तिची पहिली शाखा अनेक माशांमध्ये प्रोफंडस नावाची वेगळी चेता असते आणि तिची गँग्लिऑनही वेगळी असते. माणसात दोन्ही गाठी एकत्र झाल्या, म्हणून आपण ती ‘पाचवीची शाखा’ मोजतो. अर्थात यादी माशांनी केली असती तर ती वीसच्या आसपास गेली असती.

जीवाश्मांबद्दलही सांगते. मऊ चेता दगडात सहसा टिकत नाही, पण हाडातून गेलेली तिची नळी टिकते. एरिक स्टेन्शिओ यांनी १९२७ मध्ये स्पिट्सबर्गेनमधल्या सेफॅलास्पिड या बिनजबड्याच्या माशांचे डोक्यावरचे कवच थराथराने घासून, प्रत्येक थराची नोंद ठेवून, मेणाचे मोठे नमुने बनवले आणि सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या कर्पर चेतांचे मार्ग दाखवले. तेच काम आता नमुना न घासता क्ष-किरणांनी होते. चीनमधला शुयू हा सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीचा मासा २०११ मध्ये सिंक्रोट्रॉन या तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने असाच वाचला गेला. जबडा येण्यापूर्वीच डोक्यातल्या चेतांची मूळ आखणी ठरली होती, हे या दगडांवरून दिसते.

उलटतपासणी (प्रतिसाद ३)

चेतांचे मार्ग समजले. पेशी कुठून आल्या हे अजून कोणी सांगितलेले नाही. अँफिऑक्ससला जोडीचे डोळे नाहीत, नाक नाही, कान नाही. मग या इंद्रियांच्या चेता अचानक अवतरल्या का? गान्स आणि नॉर्थकट यांनी १९८३ मध्ये मांडलेली ‘नवे डोके’ ही कल्पना मी वाचली आहे. पृष्ठवंशीयांच्या डोक्याचा पुढचा बराचसा भाग पूर्वजांत नव्हताच, गाळून खाणारा प्राणी शिकारी बनला तेव्हा तो नव्याने जोडला गेला, असे ती सांगते. पण उत्क्रांतीत शून्यातून काही येत नाही, असे आपणच दुसऱ्या धाग्यांवर सांगत असतो.

टाचणवही

आक्षेप रास्त आहे आणि या कल्पनेवरचा मुख्य आक्षेपही हाच होता. ‘नव्या डोक्या’चा आधार दोन पेशीसमूहांवर आहे. एक न्यूरल क्रेस्ट. भ्रूणात चेतानलिका मिटताना तिच्या काठावरून सुटणाऱ्या या पेशी विल्हेल्म हिस यांनी १८६८ मध्ये कोंबडीच्या भ्रूणात प्रथम ओळखल्या. दुसरा समूह म्हणजे प्लॅकोड: डोक्याच्या बाह्यत्वचेवरचे जाड ठिपके, ज्यांतून नाक, अंतर्कर्ण, पार्श्वरेषा आणि अनेक गँग्लिऑन बनतात. निकोल ल दुआरँ यांनी १९६९ पासून लावा पक्ष्याच्या पेशी कोंबडीच्या भ्रूणात रोपून त्यांचा माग काढला. लाव्याच्या पेशीचे केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे ओळखू येते, ही त्या पद्धतीतली युक्ती होती. अशा प्रयोगांमधून दिसले की सातवी, नववी आणि दहावी यांच्या मेंदूजवळच्या गाठी न्यूरल क्रेस्टच्या आणि दूरच्या गाठी प्लॅकोडच्या असतात, तर ट्रायजेमिनलची गाठ दोन्हींच्या मिश्रणातून बनते. एकाच चेतेत दोन उगमांच्या पेशी असणे, हे मला या सगळ्या विषयातले सर्वांत सुंदर सत्य वाटते.

आता शून्यातून येण्याबद्दल. २००६ मध्ये जनुकसंचांच्या तुलनेतून स्पष्ट झाले की पृष्ठवंशीयांचे सर्वांत जवळचे नातेवाईक अँफिऑक्सस नसून ट्युनिकेट, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे पिशवीसारखे समुद्री प्राणी आहेत. त्यांच्यापैकी सिओना या प्राण्याच्या डिंभकात चेतापट्टीच्या काठावर काही रंगद्रव्यपेशींचे पूर्वज असतात आणि त्यांच्यात न्यूरल क्रेस्टची बरीच जनुके चालू असतात. २०१२ मध्ये त्या पेशींत ट्विस्ट हे एक जनुक कृत्रिमरीत्या चालू केले, तेव्हा त्या क्रेस्टच्या पेशींप्रमाणे जागा सोडून हिंडू लागल्या. चेतापट्टीच्या पुढच्या कडेला असलेल्या प्लॅकोडसदृश पेशींबद्दलही असेच पुरावे आहेत. तेव्हा सुटे भाग आधीपासून होते. पृष्ठवंशीयांमध्ये त्यांना हिंडण्याची आणि अनेक प्रकारच्या पेशी बनण्याची मुभा मिळाली. ‘नवे’ हा शब्द त्यामुळे मी जरा हात राखून वापरतो.

उलटतपासणी

एवढे मान्य. पण पेशी आल्या म्हणजे क्रम येत नाही. पाचवी नेहमी सातवीच्या पुढे आणि सातवी नववीच्या पुढेच का, हे कोण ठरवते?

टाचणवही

मेंदूचा मागचा भाग भ्रूणात काही काळ ऱ्हॉम्बोमिअर नावाच्या खंडांमध्ये विभागलेला असतो. लम्सडेन आणि कीन्स यांनी १९८९ मध्ये कोंबडीच्या भ्रूणात दाखवले की ट्रायजेमिनलच्या चालक पेशी दुसऱ्या-तिसऱ्या, फेशियलच्या चौथ्या-पाचव्या आणि ग्लॉसोफॅरिंजियलच्या सहाव्या-सातव्या खंडात असतात, आणि त्यांचे तंतू अनुक्रमे दुसऱ्या, चौथ्या व सहाव्या खंडातून बाहेर पडतात. दोन-दोन खंडांची ही जोडरचना हॉक्स जनुकांच्या, म्हणजे भ्रूणात कुठला भाग पुढे आणि कुठला मागे हे ठरवणाऱ्या जनुकांच्या, ताब्यात असते. उंदरात हॉक्सबी१ हे जनुक निकामी केले की चौथा खंड आपली ओळख विसरतो आणि फेशियलच्या चालक पेशी नीट घडत नाहीत. माणसात याच जनुकातल्या दोषामुळे जन्मजात चेहऱ्याचा पक्षाघात आणि बहिरेपणा येतो, हे २०१२ मध्ये समजले.

पण या खंडांनी चेता ‘निर्माण केल्या’ असे म्हणता येत नाही. अँफिऑक्ससमध्ये हॉक्स जनुकांचा एकच संच असतो, हे १९९४ मध्ये दिसले. त्याच्या मेरुरज्जूत ऱ्हॉम्बोमिअर नसतानाही ही जनुके पुढून मागे ठरावीक क्रमाने चालू होतात. लॅम्प्रेमध्ये खंड असतात, पण २००४ मध्ये दिसले की तिथे पाचवी आणि सातवी यांच्या चालक पेशींची सीमा चौथ्या खंडाच्या मध्येच पडते. मी याचा असा अर्थ लावतो: पुढे-मागेचा क्रम सर्वांत जुना, खंड त्यानंतरचे, आणि अमुक चेता अमुक खंडात ही घट्ट सांगड जबड्याच्या प्राण्यांमध्ये सर्वांत शेवटी बसली.

शवविच्छेदक (प्रतिसाद ४)

मी अनेक वर्षे शरीररचनाशास्त्र शिकवतो आणि या चर्चेतले सगळे पुरावे टेबलावर रोज पडलेले असतात, पण पाठांतराच्या घाईत ते पाहिले जात नाहीत. खालच्या जबड्याखालचा डायगॅस्ट्रिक हा एकच स्नायू घ्या. त्याच्या पुढच्या पोटाला पाचवी चेता जाते, मागच्या पोटाला सातवी. विद्यार्थ्यांना हा निव्वळ अन्याय वाटतो. पुढचे पोट पहिल्या कमानीचे आणि मागचे दुसऱ्या कमानीचे, हे सांगितले की पाठ करायचे काही उरत नाही. मधल्या कानातही तेच आहे. हातोडी आणि ऐरण ही हाडे मुळात जबड्याच्या सांध्याची, हे राइखर्ट यांनी १८३७ मध्ये भ्रूणांवरून ओळखले. हातोडीला ताणणाऱ्या स्नायूला म्हणूनच जबड्याची पाचवी चेता मिळते. रिकीब मात्र दुसऱ्या कमानीची आहे आणि तिच्या स्नायूला सातवी जाते. एवढ्याशा पोकळीत शेजारी-शेजारी बसलेले दोन स्नायू आपापल्या कमानीशी अजून इमान राखून आहेत.

जिभेचा स्पर्श पुढच्या दोन-तृतीयांश भागात पाचवीकडे, चव सातवीकडे, मागच्या एक-तृतीयांश भागात दोन्ही नववीकडे, अगदी मुळाशी दहावीकडे आणि हालचाल बारावीकडे. पाच चेता एका अवयवात येतात, कारण जीभ अनेक कमानींच्या तळातून आणि मागून आलेल्या स्नायूंतून जोडलेली आहे.

व्हेगसची स्वरयंत्राला जाणारी परतीची फांदीही इथे नोंदवायला हवी. ती सहाव्या कमानीची चेता असून त्या कमानीच्या रोहिणीच्या मागून जात असे. मान लांबली आणि हृदय छातीत उतरले, तेव्हा डावीकडची चेता महारोहिणीच्या कमानीखाली अडकून खाली ओढली गेली. उजवीकडे सहाव्या कमानीच्या रोहिणीचा तो भाग नाहीसा होतो, म्हणून तिथे चेता चौथ्या कमानीपासून बनलेल्या रोहिणीखालून वळते. जिराफात हा वळसा काही मीटरचा होतो. छातीतल्या गाठीमुळे आवाज बसलेला रुग्ण येतो तेव्हा याच वळशाचा परिणाम आपण ऐकत असतो.

नवशिका

सर, अकरावी आणि बारावीच्या उगमाबद्दल कोणीच बोलले नाही. बेडकाला त्या नाहीत, मग आपल्याकडे त्या आल्या कुठून?

शवविच्छेदक

बेडकाकडे त्यांचे काम करणाऱ्या चेता आहेतच, फक्त कवटीच्या आत मोजल्या जाणाऱ्या नाहीत. अकरावीचे बघा. शार्कच्या खांद्याकडे जाणारा कुकुलॅरिस नावाचा स्नायू असतो आणि त्याला व्हेगसची फांदी जाते. आपल्याकडे त्या स्नायूचे मानेतले दोन मोठे स्नायू झाले, त्यांची चेता मानेच्या मेरुरज्जूतून निघते, वर चढून कवटीच्या मोठ्या छिद्रातून आत शिरते आणि व्हेगसच्याच छिद्रातून पुन्हा बाहेर पडते. असा उलटा प्रवास दुसरी कोणतीही चेता करत नाही, आणि तो तिचे व्हेगसशी असलेले जुने नाते सांगतो.

बारावी सरळ आहे. ती कल्ल्यांची चेता नाही. डोके आणि धड यांच्या सीमेवरच्या मेरुचेतांची पोटाकडची मुळे एकत्र होऊन ती बनली. माशात या चेता कल्ल्यांच्या मागून वळून तळाच्या स्नायूंना जातात, आणि आपल्या जिभेचे स्नायूही भ्रूणात त्याच वाटेने पुढे सरकतात. मागचे काही मणके कवटीत सामील होऊन मागचे हाड बनले, तेव्हा त्या मणक्यांच्या मधून निघणाऱ्या चेताही कवटीच्या आतल्या झाल्या. संग्रहालयात माणसाची कोरडी कवटी हाताळायला मिळाली तर मोठ्या छिद्राच्या दोन्ही बाजूंच्या बारावीच्या नळ्यांमध्ये बारीक तार घालून पाहा. काही कवट्यांमध्ये एका बाजूची नळी आतून हाडाच्या पातळ पडद्याने दुभागलेली सापडते, आणि तार दोन वेगळ्या तोंडांतून आत शिरते.